खुर्ची द्यायची कोणी?

निजामाच्या राज्यात धाराशिवला स्थानिक कारभार होता, पण तो स्थानिक लोकांच्या हातात नव्हता. दिवाण सालारजंगांनी महसुलाची घडी बसवल्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा वसूल होऊ लागला. त्या पैशाला लोकल फंड म्हणत. सडका, विहिरी, शाळा, दवाखाने यांचा खर्च त्यातून भागवायचा, आणि तो कुठे किती करायचा हे ठरवायला तालुक्याला तालुका बोर्ड, जिल्ह्याला जिल्हा बोर्ड. जिल्हा बोर्डाच्या अध्यक्षपदी अव्वल तालुकदार, म्हणजे आपल्या आजच्या भाषेत जिल्हाधिकारी. तालुका बोर्डाच्या अध्यक्षपदी तहसीलदार. बिनसरकारी सभासद असत. पण तेही वरून नेमलेले. दफ्तर उर्दूत. ज्याच्या शेतसाऱ्यातून तो आणा जात होता, त्या कळंब-परंड्याच्या कुणब्याला बोर्डात काय चालले आहे ते कळायलाही अर्जनवीस गाठावा लागे.

हे इतके मागून सुरू करण्याला कारण आहे. धाराशिवच्या नगराध्यक्षाची निवड कशी व्हावी, सरपंच गावाने निवडावा की पंचांनी, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष कोणाला उत्तरदायी असावा, हे वाद आपण गेल्या दहा-पंधरा वर्षांतले समजतो. ते शंभर वर्षांहून जुने आहेत. आणि या शंभर वर्षांत उत्तर पुन्हा पुन्हा बदलले असले, तरी ते ठरवण्याची जागा जिल्ह्यात कधीच आली नाही. आधी ती हैदराबादला होती, मग मुंबईला गेली.

हैदराबादने पहिले उत्तर दिले ते १९३९ मध्ये. त्याआधी अरवमुदू अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली एक सुधारणा समिती नेमली होती. संस्थानात जबाबदार राज्यपद्धतीची मागणी वाढली होती. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषद स्थापन झाली होती, आणि १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर उभी राहण्याआधीच बंदी आली होती. या दडपणाखाली ज्या सुधारणा जाहीर झाल्या, त्यांत प्रतिनिधी निवडायचे ते मोहल्ल्यावार किंवा गाववार नव्हे, तर पेशावार. जागीरदारांचे वेगळे, शेतकऱ्यांचे वेगळे, व्यापाऱ्यांचे, वकिलांचे, पदवीधरांचे वेगळे. त्याच्या जोडीला हिंदू-मुसलमान सभासदांची बरोबरी. कागदावर ही रचना मोठी विचारपूर्वक केलेली दिसते. तिचा परिणाम मात्र असा, की एका गल्लीत राहणारे, एकाच आडाचे पाणी पिणारे लोक त्या आडाविषयी एकत्र बोलू शकणार नाहीत. प्रत्येकाने आपापल्या पेशाच्या रांगेत उभे राहायचे. गावाला गाव म्हणून बोलता येऊ नये, याची एवढी पद्धतशीर तजवीज दुसरी माझ्या वाचनात नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले. आधी लष्करी राज्यपाल, मग वेल्लोडींचे मुलकी सरकार, आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री. आपल्या जिल्ह्यातले फूलचंद गांधी त्यांच्या मंत्रिमंडळात होते आणि शेतकरी कामगार पक्षाचे भाई उद्धवराव पाटील समोरच्या बाकांवर. नगरपालिकांसाठी १९५१ चा कायदा आला, मग १९५६ चा हैदराबाद जिल्हा नगरपालिका कायदा. प्रौढ मतदानाने सभासद निवडायचे आणि त्यांनी आपल्यातून अध्यक्ष करायचा. अव्वल तालुकदाराच्या खुर्चीत पहिल्यांदाच गावचा माणूस बसू शकत होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि कायदे करणारे गाव बदलले.

महाराष्ट्र झाल्यावर लगेच, १९६० च्या जूनमध्ये, महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिच्यासमोरचा पेच महत्त्वाचा होता. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये तालुका पातळीवरच्या पंचायत समितीला बळ द्या असे सांगितले होते. नाईक समितीने मेहतांचा सल्ला बाजूला ठेवला आणि बळ जिल्ह्याला दिले. जिल्हा एवढा मोठा असतो, की त्याला स्वतःचे अभियंते, शिक्षणाधिकारी, आरोग्याधिकारी ठेवणे परवडते. तालुक्याला ते परवडणार नाही, असा तो हिशेब. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवले. जिल्हाधिकाऱ्यालाही बाहेर ठेवले, आणि परिषदेचा कारभार पाहायला मुख्य कार्यकारी अधिकारी हे नवे पद काढले. १ मे १९६२ पासून राज्यात २५ जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यांतली एक उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची.

जिल्हाधिकाऱ्याला बाहेर ठेवण्याचे मोल पश्चिम महाराष्ट्रात कदाचित तितके जाणवले नसेल. तिथे लोकल बोर्डांचे अध्यक्ष बरीच वर्षे लोकांतून येत होते. आमच्याकडे मात्र अव्वल तालुकदाराच्या अध्यक्षतेखालचे बोर्ड पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. ज्या सभागृहात साहेब आले की सगळे उठून उभे राहत, तिथे आता अध्यक्ष म्हणून एखादा शेतकरी बसणार आणि अधिकारी त्याच्या शेजारी फायली घेऊन बसणार, हा पालट त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. त्याच वर्षी, १९६२ मध्येच, मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद रद्द करणारा कायदाही झाला. वतनाने आलेली पाटीलकी गेली आणि मताने येणारी सरपंचकी राहिली. एका वर्षात गावाचे आणि जिल्ह्याचे दोन्ही प्रमुख बदलले. मुक्तिसंग्रामाविषयी आपण दरवर्षी बोलतो. या १९६२ सालाविषयी बोलत नाही, याची मला खंत वाटते.

शहरांचा नंबर नंतर आला. मुंबई इलाखा, विदर्भ आणि मराठवाडा इथले वेगवेगळे कायदे मोडून १९६५ चा एकच नगरपरिषद कायदा झाला आणि तो १९६७ मध्ये लागू झाला. सभासदांनी अध्यक्ष निवडायचा, ही रीत त्यात कायम राहिली. त्या वेळी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. ते वेगळे झाले १६ ऑगस्ट १९८२ ला. लातूरच्या पालिकेत १९६७ मध्ये शिवराज पाटील चाकूरकर हे तरुण वकील नगराध्यक्ष झाले. पुढे लोकसभेचे अध्यक्ष आणि देशाचे गृहमंत्री झालेल्या या माणसाने सभा चालवायचे पहिले धडे जिल्ह्यातल्या एका पालिकेत गिरवले.

सात वर्षांनी रीत पालटली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतानाच, १९७४ मध्ये, नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडायचा असे ठरले. ज्यांच्या समितीने जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सभासदांच्या हाती सोपवला होता, त्यांच्याच कारकिर्दीत शहराचा अध्यक्ष लोकांच्या हाती आला. पण प्रयोग टिकला नाही. निवडणुकाच लांबत गेल्या. जिल्हा परिषदांच्या बाबतीत तर १९७९ नंतरची निवडणूक थेट १९९२ ला झाली. ऐंशीच्या दशकात नगराध्यक्षाची निवड पुन्हा नगरसेवकांकडे गेली.

ती निवड कशी होते, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला या वादातली खरी गोम कळते. निकाल लागतो, आणि कोणालाच स्पष्ट बहुमत नसते. जिल्हाधिकारी कार्यालयात गटनोंदणी होते. मग एका रात्री काही नगरसेवकांचे फोन लागेनासे होतात. घरचे सांगतात, सहलीला गेलेत. सहल हा शब्द आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतो, आणि या संदर्भात त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गाड्या परततात त्या निवडीच्या दिवशी सकाळी, थेट पालिकेच्या दारात. पीठासीन अधिकारी नावे पुकारतात, हात वर होतात, कोण कोणाकडे बघतो आहे यावर सगळ्या सभागृहाची नजर. व्हीप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकते. त्यासाठी १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा आहे. पण अर्ज, सुनावणी, अपील, स्थगिती यांत मुदत निघून जाते. बाहेर गुलाल उधळला जातो. ज्या मतदाराने आपल्या वॉर्डातला माणूस गटार आणि नळ यांसाठी निवडून दिला होता, त्याला अध्यक्ष कोण झाला हे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळते.

म्हणून थेट निवडीची मागणी मरत नाही. २००१ मध्ये ती पुन्हा मान्य झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख हे बाभळगावचे. १९७४ मध्ये ते त्या गावचे सरपंच होते, पुढे लातूर पंचायत समितीचे उपसभापती आणि उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य. पंचांच्या बळावर टिकणाऱ्या आणि पडणाऱ्या खुर्चीचा त्यांना आतून अनुभव होता. तरीही, की म्हणूनच, त्यांनी थेट निवड आणली. आणि २००६ मध्ये, ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री असताना, त्यांच्याच सरकारने ती काढून टाकली.

मधल्या पाच वर्षांत एक अडचण ठळकपणे पुढे आली होती. अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचे. अध्यक्षाने विषयपत्रिका काढायची आणि बहुमताने विषय फेटाळायचे. बहुमताने ठराव करायचे आणि ते नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली निलंबित व्हावेत म्हणून अध्यक्षाने जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे. अर्थसंकल्प अडायचा, निविदा अडायच्या. दोघेही लोकांनी निवडलेले, दोघांकडेही कौल, आणि भांडण मिटवायला शेवटी सरकारी अधिकारीच. अव्वल तालुकदार मागच्या दाराने परत आला, असे मी म्हणेन. थेट निवडीचा पुरस्कार करणाऱ्यांनी या दोषाकडे डोळेझाक करू नये. मी स्वतः थेट निवडीच्या बाजूचा असलो, तरी मीही ती करणार नाही.

यात राज्यघटनेचाही धागा आहे. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांचे प्रमुख सदस्यांनी सदस्यांतूनच निवडायचे, हे घटनेने पक्के केले. गावचा सरपंच आणि शहराचा नगराध्यक्ष मात्र कसा निवडायचा ते राज्याच्या कायद्यावर सोडले. त्यामुळे झोके घेते ती सरपंचाची आणि नगराध्यक्षाची खुर्ची. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाची रीत १९६२ पासून हलली नाही.

१९९३ मध्येच, ३० सप्टेंबरच्या पहाटे, भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण तेव्हाच्या उमरगा तालुक्यातल्या सास्तूरसारखी गावे आमच्याकडची. घरे पडली, आणि गावे नव्या जागी वसवायची वेळ आली. नवे गाव कुठे, घरे कोणत्या क्रमाने, मंदिर-मशीद कुठे, हे प्रश्न ग्रामसभांत आले. पुनर्बांधणीच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांना पुढे आणले. गावोगाव संवाद सहायक म्हणून त्या घरदुरुस्तीचा हिशेब मागू लागल्या, सिमेंट-लोखंड तपासू लागल्या. नुकतेच आरक्षण आले होते, आणि कोणत्या बाईला उभे करायचे या प्रश्नाला या भागात तयार उत्तर मिळाले. सरपंच कोणी निवडावा हा वाद एकीकडे. सरपंचाकडून हिशेब घेणारी माणसे गावात असावीत, ही गोष्ट त्याहून मोलाची, हे उमरगा-लोहाऱ्याने तेव्हा दाखवून दिले.

२०१६ पासून झोका वेगाने फिरू लागला. देवेंद्र फडणवीस सरकारने नगराध्यक्ष पुन्हा थेट केला. २७ नोव्हेंबर २०१६ ला, नोटाबंदीनंतर तिसऱ्या आठवड्यात, जिल्ह्यातल्या पालिकांचे मतदान झाले. बँकेच्या रांगेत उभे राहून थकलेले लोक पुन्हा मतदानाच्या रांगेत उभे राहिले. प्रभागातल्या नगरसेवकांसाठी बटणे दाबायची आणि अध्यक्षासाठी वेगळे बटण. धाराशिवला शिवसेनेचे मकरंद राजेनिंबाळकर थेट निवडून आले. राज्यात अनेक ठिकाणी २००१ चीच पुनरावृत्ती झाली: अध्यक्ष एकाचा, सभागृह दुसऱ्याचे. २०१७ मध्ये सरपंचही थेट झाला. त्याला काढायचे तर तीन चतुर्थांश सदस्यांचा अविश्वास आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब, अशी तरतूद झाली. ती मला फार शहाणपणाची वाटते, कारण ज्यांनी बसवले त्यांनाच उठवण्याचा हक्क राहतो.

२०१९ च्या अखेरीस महाविकास आघाडीचे सरकार आले आणि २०२० मध्ये नगराध्यक्ष, सरपंच दोन्ही पुन्हा सदस्यांतून. ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. मंत्रिमंडळात ते आणि फडणवीस असे दोघेच असताना, १४ जुलैला, दोन्ही पुन्हा थेट. सहा वर्षांत तीन वेळा. प्रत्येक वेळी कारण सांगितले गेले ते लोकशाहीचे. पण निर्णयांच्या तारखा सरकारे बदलल्याच्या तारखांशेजारी ठेवून पाहिल्या, तर ज्याला थेट निवडीत फायदा त्याने ती आणली आणि ज्याला तोटा त्याने ती घालवली, याखेरीज दुसरा निष्कर्ष मला काढता येत नाही.

यात धाराशिवला, तुळजापूरला, मुरूमला कोणी काही विचारले का? इंग्लंडमध्ये २००० सालच्या कायद्याने शहरांना असे विचारण्याची सोय झाली. ब्रिस्टल शहराने २०१२ मध्ये सार्वमतात थेट निवडलेला महापौर पसंत केला. दहा वर्षे दोन महापौरांचा कारभार पाहिला, आणि २०२२ मध्ये दुसऱ्या सार्वमतात ते पद बंद करून समित्यांमार्फत कारभार करायचे ठरवले. दोन्ही वेळा निर्णय ब्रिस्टलकरांचा होता, लंडनचा नव्हता. चूक असेल तर तीही त्यांची.

आपल्याकडे हे जमणार नाही, लोकांना समजणार नाही, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडे दारूच्या दुकानासाठी अशी सोय आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकान बंद होते. उभी बाटली आणि आडवी बाटली यांतला फरक ज्या बाईला कळतो, तिला आपला नगराध्यक्ष कोणी निवडावा हे कळणार नाही, असे मानायला मी तयार नाही. दर दहा वर्षांनी एकदा, पालिकेच्या मतदानाबरोबरच एक जादा बटण, आणि जे ठरेल ते पुढच्या दहा वर्षांसाठी सरकारला बदलता येणार नाही: एवढी दुरुस्ती १९६५ च्या कायद्यात केली तरी पुरे. थेट अध्यक्ष ठरला तर त्याला काढण्याचा हक्कही सरपंचासारखा मतदारांकडे द्यावा. सदस्यांतून ठरला तर निकालानंतर दोन-तीन दिवसांत निवड सक्तीची करावी, म्हणजे सहलीला वेळच उरणार नाही.

२०२२ मध्ये कायदा थेट निवडीचा झाला खरा, पण निवडायला निवडणूकच नव्हती. जिल्ह्यातल्या पालिकांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२१ च्या निकालापासून पेटलेला ओबीसी आरक्षणाचा वाद; त्याच आरक्षणासाठीच्या बांठिया आयोगाचा अहवाल, प्रभागरचनेचे बदल, तारखांवर तारखा. जवळजवळ चार वर्षे मुख्याधिकारी हेच प्रशासक. एक लाखाहून अधिक वस्तीच्या धाराशिव शहरात पाणीपट्टी, घरपट्टी, उजनीच्या पाण्याच्या पाळ्या, भोगावतीच्या काठचा कचरा या सगळ्यांवर निर्णय व्हायचे, पण ते एका दालनात. सभा नाही, विषयपत्रिका नाही, विरोधी नगरसेवकाचा प्रश्न नाही. तक्रार घेऊन जायचे तर वॉर्डात कोणी नाही. साहेबांची भेट मिळेल तेव्हा. प्रशासक चांगला असेल किंवा वाईट, तो भाग वेगळा. त्याला मत देणारे कोणी नव्हते आणि त्याला काढणारेही.

६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितले. तरी मुदत वाढलीच. नगराध्यक्षपदांच्या आरक्षणाची सोडत मुंबईत, मंत्रालयात निघाली. २ डिसेंबर २०२५ ला राज्यभरात मतदान झाले, काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरवर गेले आणि सगळ्यांची मोजणी २१ डिसेंबरला. धाराशिवने नगराध्यक्ष थेट निवडला. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. १९६२ मध्ये ज्या सभागृहातून जिल्हाधिकाऱ्याला बाहेर काढले होते, ते सभागृह २०२५ साल सरले तेव्हाही प्रशासकाच्या ताब्यात होते.